विद्यापीठाला पाठवलेला मेल दोन वर्षांनी सापडेल का? ‘ईमेल अर्काइव्ह’ची भानगड नेमकी काय आहे?

समजा, आगाशीत राहणारी एक मुलगी आहे. विरारच्या कॉलेजातून तिने बीकॉम केलं. पाचव्या सेमिस्टरच्या निकालात एका विषयापुढे ‘गैरहजर’ असा शेरा आला. पेपर तर तिने दिला होता. हॉल तिकिटाचा फोटो जोडून तिने परीक्षा विभागाला मेल केला, ‘दुरुस्ती होईल’ असं उत्तरही आलं. दीड वर्षाने नोकरीच्या कागदपत्र पडताळणीत तोच शेरा पुन्हा वर आला. मग आगाशीहून बसने विरार, विरारहून लोकल, सांताक्रूझला उतरून कलिना. तिथे कळलं की ज्यांनी उत्तर दिलं होतं ते कर्मचारी निवृत्त झालेत आणि त्यांचं अकाउंट बंद आहे. ‘तुमच्याकडे मेलची कॉपी आहे का?’ तिचं जीमेल फुल झालं होतं, म्हणून तिने जुने मेल आधीच उडवले होते.

हे उदाहरण कल्पित आहे. पण निकालाच्या भानगडीत अडकलेल्या कुणालाही ते ओळखीचं वाटेल. २०१७ मध्ये मुंबई विद्यापीठाने ऑनलाइन पेपर तपासणी सुरू केली आणि ४७७ परीक्षांचे निकाल लांबले. उत्तरपत्रिका होत्या १७ लाखांच्या वर. राज्यपालांनी दिलेली ३१ जुलैची मुदतही टळली आणि ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून हटवण्यात आलं. अशा गोंधळात ‘आम्ही कळवलं होतं’ आणि ‘आम्हाला मिळालंच नाही’ हा वाद मिटवायला मेलइतका साधा पुरावा दुसरा नसतो. तो जपून ठेवलेला असेल तर.

मेल कुणाचा, साहेबांचा की विद्यापीठाचा?

सगळा खेळ या प्रश्नाचा आहे. साध्या पद्धतीत मेल ज्याच्या इनबॉक्समध्ये आला त्याच्या ताब्यात असतो. त्याने डिलीट केला, पासवर्ड विसरला, बदली झाली की मेलही गेला. सेंट्रल ईमेल अर्काइव्ह म्हणजे यावरचा तोडगा. विद्यापीठाच्या पत्त्यावर मेल आला किंवा तिथून गेला की सर्व्हर त्याच क्षणी त्याची एक प्रत वेगळ्या साठ्यात टाकतो. याला जर्नलिंग म्हणतात. पुढे कर्मचाऱ्याने स्वतःच्या इनबॉक्समध्ये काहीही केलं तरी ती प्रत हलत नाही.

कल्पना नवीन नाही. १७३७ ते १७३९ मध्ये चिमाजी अप्पांची वसईची मोहीम झाली. तेव्हाची पत्रं आज वाचता येतात, कारण ती पेशवे दफ्तरात साठत गेली. १९३० च्या दशकात गो. स. सरदेसाईंनी त्या दफ्तरातली निवडक कागदपत्रं ४५ खंडांत छापली. ती पत्रं लिहिणाऱ्यांच्या घरीच राहिली असती, तर त्यातली किती टिकली असती?

मग बॅकअप असतोच ना?

इथे बहुतेकांची गल्लत होते. बॅकअप म्हणजे सर्व्हरचा ठरावीक वेळी काढलेला फोटो. सर्व्हर बंद पडला तर सगळं परत उभं करायला तो लागतो. रोज रात्री बॅकअप होत असेल आणि सकाळी आलेला मेल कुणी दुपारी कायमचा उडवला, तर रात्रीच्या फोटोत तो दिसणारच नाही. शिवाय जुने बॅकअप काही दिवसांनी पुसून त्याच जागी नवे घेतले जातात.

अर्काइव्हमध्ये प्रत्येक मेल वेगळा नोंदला जातो. पाठवणारा, मिळणारा, तारीख, विषय, मजकूर, बऱ्याचदा जोडलेली पीडीएफसुद्धा; या सगळ्याची सूची तयार होते. त्यामुळे सीट नंबर टाकून शोधलं तर त्या नंबरचा सगळा पत्रव्यवहार एकत्र निघतो, मग तो पाच वेगवेगळ्या टेबलांवर का फिरलेला असेना. एकच परिपत्रक शेकडो पत्त्यांवर गेलं असेल तर चांगल्या सिस्टिम त्याची एकच प्रत ठेवतात. जागा वाचते.

जागेचा मुद्दा किरकोळ नाही. गुगल आधी शैक्षणिक संस्थांना अमर्याद स्टोरेज फुकट देत होतं. २०२१ मध्ये त्यांनी ते बंद करत असल्याचं जाहीर केलं आणि अख्ख्या संस्थेला मिळून १०० टीबी अशी मूळ मर्यादा घातली. जगभरच्या विद्यापीठांत ‘जुनं काढा, जागा करा’ सुरू झालं. अशा साफसफाईत काय जातं, हे नंतरच कळतं.

गुगलच्या शैक्षणिक पॅकेजमध्ये ‘व्हॉल्ट’ नावाची सोय मिळते. मेल किती वर्षं ठेवायचे हा नियम त्यात लावता येतो. नियम लावलेला नसेल तर कचरापेटीतला मेल ३० दिवसांनी जातो आणि त्यानंतर फक्त २५ दिवस ॲडमिन तो परत आणू शकतो. पण मोठी मेख पुढे आहे. कर्मचाऱ्याचं अकाउंटच डिलीट केलं तर व्हॉल्टमधला त्याचा डेटाही जातो. निवृत्त माणसाचं अकाउंट उडवण्याऐवजी ‘आर्काइव्ह्ड युजर’ म्हणून ठेवावं लागतं. म्हणजे सिस्टिम असूनही एका क्लिकने आपल्या आगाशीच्या मुलीचा मेल जाऊ शकतो.

कायदा काय म्हणतो?

माहिती अधिकार कायदा २००५ च्या कलम २(फ) मध्ये ‘माहिती’च्या व्याख्येत ईमेल हा शब्द थेट लिहिलेला आहे. सार्वजनिक विद्यापीठ या कायद्याखाली येतं. त्यामुळे आपल्या अर्जाबद्दलचा पत्रव्यवहार १० रुपये शुल्क भरून मागता येतो आणि ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. मागितलेली माहिती नष्ट केली तर कलम २० नुसार संबंधित माहिती अधिकाऱ्याला रोज २५० रुपये, जास्तीत जास्त २५ हजार रुपये दंड होऊ शकतो. अडचण एवढीच, की कुणी अर्ज करण्याआधीच मेल गेलेला असेल तर हे कलम फारसं उपयोगी पडत नाही.

प्रकरण कोर्टात गेलं तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३ येतं. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं आणि त्यात ‘हॅश व्हॅल्यू’ लिहावी लागते. हॅश म्हणजे फाइलचा अंगठ्याचा ठसा. एक स्वल्पविराम बदलला तरी ठसा बदलतो. अनेक अर्काइव्ह सिस्टिम मेल साठवतानाच हा ठसा काढून ठेवतात. स्क्रीनशॉटला असा आधार नसतो.

सगळ्यांचे मेल एका जागी, मग ते वाचणार कोण?

ही भीती रास्त आहे. हार्वर्ड विद्यापीठात २०१२ मध्ये परीक्षेतल्या कॉपीचं मोठं प्रकरण गाजत होतं. त्याची माहिती बाहेर कुणी फोडली हे शोधायला प्रशासनाने १६ रेसिडेंट डीनची मेल अकाउंट गुपचूप तपासली. मार्च २०१३ मध्ये ही बातमी फुटली, प्राध्यापक भडकले आणि विद्यापीठाला मेल कधी व कुणाच्या परवानगीने पाहायचे याचं धोरण नव्याने करावं लागलं.

म्हणून शोध घेणारा आणि परवानगी देणारा एकच माणूस नसावा. प्रत्येक शोधाची नोंद राहायला हवी, आणि ती नोंद आयटी विभागालाही पुसता येऊ नये. आपल्याकडच्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चं तत्त्वही असं आहे की काम संपलं आणि कायद्याने ठेवायची गरज नसेल, तर वैयक्तिक डेटा पुसावा. त्यामुळे ‘सगळं कायमचं ठेवा’ हेही चालणार नाही. परीक्षेचे मेल किती वर्षं, प्रवेशाचे किती, कँटीनच्या जेवणाचे किती, हे बसून ठरवावं लागतं. खरं सांगायचं तर सॉफ्टवेअर विकत घेणं हा यातला सोपा भाग आहे.

आणि एक भोक राहतंच. अनेक कॉलेजांच्या वेबसाइटवर संपर्कासाठी साधा फुकटचा जीमेल पत्ता असतो, आणि बरंच काम व्हॉट्सॲपवर उरकलं जातं. विद्यापीठाच्या अर्काइव्हला यातलं काहीच दिसत नाही. म्हणून तक्रार पाठवताना विद्यापीठाच्या अधिकृत डोमेनवरचा पत्ता वापरा, एका व्यक्तीऐवजी विभागाच्या पत्त्यावर पाठवा आणि विषयाच्या ओळीतच पीआरएन, सीट नंबर, परीक्षेचा महिना लिहा. उत्तर आलं की स्क्रीनशॉटवर थांबू नका. लॅपटॉपवर जीमेल उघडून, मेलच्या कोपऱ्यातल्या तीन ठिपक्यांवर क्लिक करून ‘डाउनलोड मेसेज’ निवडा. जी ‘ईएमएल’ फाइल मिळते तिच्यात मेल कुठल्या सर्व्हरवरून कधी आला याची सगळी नोंद असते. साध्या मेलची ही फाइल सहसा काही केबींचीच असते.