दगडाचे माप आणि मापाची पारख



कलबुर्गीच्या बाजारात तूर घेऊन जाणारा शेतकरी तीन गोष्टी कधी विसरत नाही. पोते काट्यावर चढले की जो आकडा दिसतो, तो निव्वळ तुरीचा नसतो; त्यातून बारदान वजा करावे लागते. काटा खरा आहे की खोटा, हे प्रमाणित वजन ठेवून पाहावे लागते. आणि सकाळी खरा असलेला काटा दुपारी हललेला नाही ना, इकडेही लक्ष ठेवावे लागते. आज मी ज्या मापाविषयी बोलणार आहे ते प्रयोगशाळेतले आहे; परंतु त्याचे मर्म याच तीन गोष्टींत साठवलेले आहे.

आपल्या घरोघरी अंथरलेली शहाबादी फरशी कलबुर्गी जिल्ह्यातल्या शहाबाद, वाडी, चित्तापूर ह्या भागातून येते. हा भीमाखोऱ्यातला चुनखडक. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्हारस थिजून दख्खनचा काळा कातळ बनला, त्याच्याही पूर्वी कितीतरी काळ हा खडक तयार झालेला होता. त्यात मुख्यतः कॅल्शियम असते; पण शिसे, स्ट्रॉन्शियम, युरेनियम अशी मूलद्रव्ये लेशमात्र असू शकतात. लेशमात्र म्हणजे किती? दहा लाख भागांत एक भाग, म्हणजे दहा क्विंटल तुरीत एक ग्रॅम. दगड कोणत्या पाण्यात, कोणत्या परिस्थितीत घडला, याची साक्ष हेच लेश देतात.

ते मोजण्याची एक रीत अशी. लेसरचा किरण दगडावर रोखला की केसाच्या जाडीएवढा खळगा पडून बारीक धूळ उडते. ती वायूच्या झोतातून सहा ते दहा हजार अंश तापलेल्या आर्गॉनच्या ज्योतीत जाते. तेथे तिचे अणू विद्युतभारित होतात, आणि मास स्पेक्ट्रोमीटर हे यंत्र त्यांना वजनाप्रमाणे निवडून एकेक मोजते. असे ज्योतीचे यंत्र १९८० साली पुढे आले. १९८५ साली ॲलन ग्रे यांनी त्याला लेसरची जोड दिली.

येथवरचे काम यंत्राचे. पण यंत्र सांगते ते काय? अमुक सेकंदाला शिशाचे इतके अणू आले, कॅल्शियमचे तितके. ‘दगडात शिसे किती’ ह्या प्रश्नाचे उत्तर त्यात नसते. ते काढून देते संगणकाची आज्ञावली, म्हणजे सॉफ्टवेअर. सिडनीच्या मॅक्वारी विद्यापीठातले ‘ग्लिटर’ आणि मेलबर्नमधले ‘आयोलाइट’ ही त्यांतली नावाजलेली. ह्या हिशेबाची रीत लाँगरिच, जॅक्सन आणि गुंथर यांनी १९९६ साली नीट मांडून दिली.

पहिली पायरी बारदानाची. लेसर बंद असतानाही यंत्र काही अणू मोजतच असते. तेवढे वजा करावयाचे. दुसरी पायरी प्रमाणित वजनाची. अमेरिकेच्या मानकसंस्थेची ६१२ क्रमांकाची काच यासाठी वापरतात; तिच्यात दहा लाखांत ३८.५७ भाग शिसे असल्याचे प्रमाणपत्र आहे. काचेचा आकडा ठाऊक असल्याने दगडाचा आकडा त्रैराशिकाने निघतो. तीच काच दर काही नमुन्यांनंतर पुन्हा तपासली, म्हणजे काटा किती हलला हे कळते. ही तिसरी पायरी.

पण एक अडचण उरते. लेसर काचेतून जेवढी धूळ उडवतो, तेवढीच चुनखडकातून उडवील असे नाही. म्हणून ज्याचे प्रमाण आधीच ठाऊक आहे असे एक मूलद्रव्य साक्षीला घेतात. चुनखडकात ते कॅल्शियम. शुद्ध कॅल्साइटमध्ये ते शेकडा ४० असते. समजा, शहाबादी दगडाच्या एका तुकड्यात माती व वाळूच्या मिसळीमुळे ते शेकडा ३०च आहे, आणि आपण न तपासता ४० लिहिले. मग शिसे असो, युरेनियम असो, प्रत्येक आकडा एकतृतीयांशाने फुगेल. नवाचे बारा होतील. यंत्र निर्दोष, आज्ञावली निर्दोष, आणि उत्तर मात्र चूक!

बीदरच्या बिदरी भांड्याचे उदाहरण घ्या. त्याची धातू मुख्यतः जस्ताची, तीत थोडे तांबे, आणि वर चांदीचे जडावकाम. असे जुने भांडे कोणी कुटून तपासणार नाही. तेथे लेसरचा डोळ्यांना न दिसणारा ठिपका सोयीचा. परंतु किरण आधी चांदीच्या तारेवर पडून मग खाली जस्तात उतरला, तर आलेखाचा पूर्वार्ध चांदीचा आणि उत्तरार्ध जस्ताचा असेल. रेघ कोठे मारावयाची आणि साक्षी कोणता घ्यावयाचा, हे माणसालाच ठरवावे लागते. आलेखात मध्येच एखादा सुळका उठला, तर तो पृष्ठभागावरची धूळ की दगडातलाच निराळा कण? तो काढला तर एक उत्तर, ठेवला तर दुसरे.

म्हणूनच नुसते उत्तर पुरत नाही. ते कसे काढले याची नोंदही हवी. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या ‘एलएटूल्स’ ह्या आज्ञावलीचा भर यावरच आहे. कोणता भाग घेतला, कोणता गाळला, हे नियमाने लिहून ठेवावयाचे, म्हणजे दुसऱ्या कोणालाही तीच वाट चालून तेच उत्तर मिळते. शाळेत आम्ही मुलांना सांगतो की उत्तराला गुण थोडे, रीतीला अधिक. ते उगाच नव्हे.

उद्या आपल्या विहिरीजवळच्या खडकात अमुक इतके युरेनियम आहे असे कोणी सांगितले, तर घाबरून जाऊ नये आणि हसून सोडूनही देऊ नये. बारदान किती धरले, वजन कोणते ठेवले, साक्षी कोण होता, हे विचारावे. बाजारात हे विचारण्याचा आपला हक्क आपण जाणतो. विज्ञानाच्या दारातही तो तेवढाच आपला आहे.