जुन्या गाडीचे नवे दुखणे

आकुर्डीच्या कारखान्यातून १९७२ पासून बाहेर पडू लागलेली बजाज चेतक ही स्कूटर एके काळी वर्षानुवर्षे नंबर लावून मिळत असे. पुढे तिचे उत्पादन बंद पडले आणि २००९ च्या अखेरीस कंपनीने स्कूटरनिर्मितीच थांबवण्याचा निर्णय जाहीर केला. त्याच नावाची विजेवरची स्कूटर २०२० पासून बाजारात आली असली, तरी नावापलीकडे तिचा जुन्या गाडीशी काहीही संबंध नाही. वडिलांची किंवा आजोबांची चेतक पुन्हा चालती करू पाहणाऱ्याला सुटे भाग मिळतच नाहीत असे नाही, कारण पुण्याची नाना पेठ किंवा दिल्लीचे करोल बाग अशा बाजारांत तिचे बहुतेक भाग आजही मिळतात. खरी अडचण अशी की आणलेला नवा भाग गाडीत बसतो, गाडी सुरूही होते, आणि थोडे अंतर चालून त्याच नव्या भागामुळे बंद पडते.

दुकानदाराच्या तोंडी असलेले ‘ओरिजिनल’, ‘कंपनीचा’, ‘लोकल’ आणि ‘डुप्लिकेट’ हे शब्द एकमेकांत इतके मिसळलेले असतात की त्यांतला फरक आधी स्पष्ट करून घेणे बरे. गाडीच्या उत्पादकाने स्वतःच्या नावाने विकलेला भाग हा पहिला प्रकार. तसाच भाग स्वतंत्र उत्पादकाने स्वतःच्या नावाने बनवला, तर तो दुसरा प्रकार, ज्याला बाजारात ‘आफ्टरमार्केट’ म्हणतात आणि जो पूर्णपणे कायदेशीर असून पुष्कळदा उत्तमही असतो. तर दुसऱ्याच्या नावाची खूण आणि पाकीट वापरून विकलेला भाग हा निव्वळ नकली माल असून तो विकणे हा ट्रेड मार्क्स कायदा, १९९९ प्रमाणे गुन्हा आहे. याखेरीज ‘एनओएस’ म्हणून ओळखला जाणारा, म्हणजे जुन्या काळी बनून दुकानाच्या माळ्यावर न वापरता पडून राहिलेला माल असतो, आणि हौशी मंडळी त्याला सर्वाधिक भाव देतात. धातूच्या भागांबाबत हे योग्यच आहे; रबराच्या भागांबाबत मात्र ती हौस महागात पडते, कारण चाळीस वर्षे पाकिटात राहिलेले रबर वापराविनाही कडक होते.

चेतकच्या टू-स्ट्रोक इंजिनात स्वस्त भाग किती मोठे नुकसान करू शकतो, हे ऑइल सीलच्या उदाहरणावरून समजते. ऑइल सील म्हणजे फिरत्या दांड्याभोवती घट्ट बसणारी, आत बारीक स्प्रिंग असलेली रबराची कडी. फोर-स्ट्रोक इंजिनात ती गळली, तर बहुधा जमिनीवर तेलाचा डाग पडण्यावर भागते. टू-स्ट्रोकमध्ये मात्र पेट्रोल आणि हवा यांचे मिश्रण आधी क्रँककेसमध्ये, म्हणजे क्रँक ज्या बंद पेटीत फिरतो तिच्यात, ओढले जाते आणि मग वर सिलिंडरमध्ये जाते, त्यामुळे ही पेटी हवाबंद असणे ही इंजिनाच्या जगण्याचीच अट असते. मॅग्नेटोच्या बाजूचे सील नीट धरत नसेल, तर तिथून जादा हवा आत शिरते, मिश्रणातले पेट्रोलचे आणि त्यात मिसळलेल्या तेलाचे प्रमाण घटते, इंजिन भलतेच तापते आणि अखेर पिस्टन सिलिंडरमध्ये अडकतो; यालाच गॅरेजच्या भाषेत ‘गाडी सीझ झाली’ म्हणतात. क्लचच्या बाजूचे सील खराब असेल, तर गिअरबॉक्समधले तेल आत खेचले जाऊन गाडी धुराचे लोट सोडते. दोन्ही प्रसंगी मेकॅनिकचा संशय प्रथम कार्बोरेटरवर जातो, कारण सील तर ‘नवीनच टाकलेले’ असते.

पिस्टनची गोष्ट याहून अवघड आहे. १४५.४५ सीसीच्या या इंजिनात सिलिंडरचा व्यास ५७ मिलिमीटर असतो आणि ओतीव लोखंडाच्या त्या सिलिंडरमध्ये अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचा पिस्टन धावतो. उष्णतेने अॅल्युमिनियम लोखंडाच्या सुमारे दुप्पट प्रसरण पावते. हे प्रसरण आवरण्यासाठी पिस्टनच्या धातूत सिलिकॉन मिसळतात आणि दोहोंमध्ये मिलिमीटरच्या शतांशांत मोजावी अशी फट ठेवतात. स्वस्त पिस्टनमध्ये धातूची भट्टी नीट जमलेली नसली, तर थंड असताना बरोबर भरणारे माप तापल्यावर बरोबर राहत नाही, आणि हा दोष दुकानाच्या काउंटरवर कोणत्याही नजरेला दिसू शकत नाही. त्यातच बोअरिंग करणारा कारागीर पाकिटावर छापलेल्या ओव्हरसाइज आकड्यावर विसंबून सिलिंडर कापून मोकळा झाला, तर चूक दुरुस्त करण्याची वाट उरत नाही. म्हणून जाणते कारागीर आधी पिस्टन हातात घेतात, मायक्रोमीटरने तो मोजतात आणि त्या पिस्टनच्याच मापाने सिलिंडर कापतात.

इग्निशनमधला कंडेन्सर हा असाच फसवा भाग आहे. पॉइंट उघडताना त्यांच्यामध्ये ठिणगी उडू नये आणि कॉइलमधून प्लगला जोरदार स्पार्क मिळावा, एवढ्यासाठी बसवलेली ही छोटी डबी आतल्या कमकुवत आवरणामुळे किंवा कच्च्या जोडामुळे तापल्यावर दगा देते आणि थंड झाल्यावर पुन्हा शहाण्यासारखी वागते, त्यामुळे गॅरेजपर्यंत ढकलत आणलेली गाडी तिथे पहिल्या किकमध्ये सुरू होते.

रबराच्या बाबतीत चूक केवळ दर्जाची नसते, जातीचीही असते. पेट्रोल आणि खनिज तेल यांना नायट्राइल रबर टिकते, पण हायड्रॉलिक ब्रेकमधल्या ग्लायकॉलयुक्त ब्रेक ऑइलमध्ये तेच फुगते. उलट ब्रेकसाठी योग्य असलेले ईपीडीएम रबर पेट्रोल किंवा इंजिन ऑइल लागताच निकामी होते. दोन्ही रबरे दिसायला सारखीच काळी. चेतकचे ब्रेक केबलवर चालणारे असल्याने तिला हा धोका नाही, पण मुंबईत कुर्ल्याला बनलेल्या प्रीमियर पद्मिनीसारख्या मोटारीत चुकीच्या रबराचा ब्रेक वॉशर म्हणजे थेट जिवाशी खेळ होय. मुंबईतल्या पद्मिनी टॅक्सींची सद्दी ३० ऑक्टोबर २०२३ रोजी संपली, तेव्हा तिच्या भागांचा सर्वांत मोठा आणि सर्वांत चोखंदळ शहरी ग्राहकही संपला. भरीला २०२३ पासून २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल येऊ लागले असून, जुन्या घडणीची रबरे आणि साधे पेट्रोल पाइप इथेनॉलमुळे फुगतात किंवा तडकतात. इथे जुना मूळ भागच अपुरा पडतो आणि फ्लोरोइलास्टोमर या महागड्या रबराचा नवा भाग अधिक योग्य ठरतो, ही गोष्ट मूळ भागांच्या कट्टर भक्तांनी लक्षात घेण्यासारखी आहे. पत्र्याचे पॅनेल आणि क्रोमचे भाग यांच्याविषयी फार सांगण्याची गरज नाही, कारण न जुळणारी कड आणि पहिल्या पावसाळ्यात उमटणारा गंज हे दोष निदान डोळ्यांना दिसतात.

हे असे का होते, याचे उत्तर केवळ लबाडीत शोधणे अन्यायाचे होईल. मूळ उत्पादकाकडे प्रत्येक भागाचे रेखाचित्र असते आणि त्यात मापाबरोबर टॉलरन्सही लिहिलेला असतो. टॉलरन्स म्हणजे ठरलेल्या मापापासून किती कमी-जास्त चालेल याची मर्यादा. नक्कल करणाऱ्या छोट्या कारखानदाराच्या हाती रेखाचित्र नसते, असतो तो एक नमुना, बहुधा झिजलेला. तो झीजच माप म्हणून नोंदवतो, त्याच्या मालावरून दुसरा नक्कल करतो, आणि झेरॉक्सची झेरॉक्स काढत गेल्यासारखे मूळ माप पुसट होत जाते. धातूचा कठीणपणा तर नमुना नुसता मोजून कळतच नाही. गिअरच्या दात्यांचा पृष्ठभाग उष्णतेच्या प्रक्रियेने कठीण केलेला आणि गाभा चिवट ठेवलेला असतो, ती प्रक्रिया गाळली तरी गिअर तितकाच चकचकीत दिसतो. शिवाय मागणी थोडी असल्याने चाचणीचा खर्च मालाच्या किमतीत बसत नाही. ब्रिटनमध्ये ब्रिटिश मोटर हेरिटेज या संस्थेने मूळ साचे जपून १९८८ पासून एमजीबी मोटारीच्या नव्या बॉडी बनवून विकल्या. लाखोंच्या संख्येने विकल्या गेलेल्या भारतीय गाड्यांच्या वाट्याला अशी आस्था आली नाही, याचा दोष उत्पादकांकडे जातो. मात्र रंगकामावर हात सैल सोडणारा आणि ऑइल सीलवर वीस रुपये वाचवणारा मालकही यातून सुटत नाही, कारण बाजार शेवटी मागणीप्रमाणेच माल ठेवतो.

यावरचे उपाय साधे आहेत, पण त्यांना सवड लागते. बेअरिंग आणि ऑइल सील गाडीच्या नावाने मागण्याऐवजी त्यांच्यावरच्या क्रमांकाने व मापाने मागावेत. ६२०४ क्रमांकाचे बेअरिंग जगात कुठेही २० मिलिमीटर आतला व्यास, ४७ मिलिमीटर बाहेरचा व्यास आणि १४ मिलिमीटर रुंदी याच मापाचे असते, त्यामुळे ते नामांकित कंपनीचे घेता येते आणि अनामिक पाकिटाची गरज उरत नाही. खरेदीचे बिल घ्यावे, कारण ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली दाद मागताना तोच पहिला पुरावा ठरतो. कार्बोरेटर, कॉइल, गिअर असे मूळ भाग स्वच्छ करून, मोजून आणि तपासून पुन्हा वापरता येतात का, हे आधी पाहावे आणि मगच बदलण्याचा विचार करावा. आणि नवा भाग बसवला, तरी तो काही शे किलोमीटर विनातक्रार चालेपर्यंत काढलेला जुना भाग भंगारवाल्याला देऊ नये.