पडद्यापुढचे दोघे

नाटकाचा पडदा पडल्यावर त्याच्या पुढे, प्रेक्षकांच्या अगदी निकट, रंगमंचाची जी अरुंद पट्टी उरते तिला चेक नाट्यव्यवसायात ‘फोर्बिना’ म्हणतात. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात प्रागमध्ये या शब्दाला आणखी एक अर्थ मिळाला. त्या पट्टीवर उभे राहून दोन विदूषकांनी प्रेक्षकांसमोर केलेला, नाटकाच्या कथानकातून बाहेर पडलेला आणि पुन्हा त्यात परतणारा संवाद, तोही फोर्बिनाच होय. हा अर्थ रूढ करणाऱ्या दोन नटांपैकी एक यान वेरिख (1905–1980) आणि दुसरा यिर्झी वोस्कोवेत्स (1905–1981). वेरिखने नंतर चित्रपटांत राजे, सम्राट आणि जादूगार रंगवले, परीकथा लिहिल्या, नाट्यगृह चालवले. तरीही त्याच्या कामाचे मर्म या हात-दोन हात रुंदीच्या फळ्यांवरच शोधावे लागते, कारण त्याचा विनोद मुळात दोघांचा होता आणि पुढच्या आयुष्यात दुसऱ्याची जागा रिकामी झाल्यावरही तो तसाच राहिला.

दोघे प्रागमधील एकाच शाळेत शिकले. वेरिख कायद्याचा विद्यार्थी असताना, 19 एप्रिल 1927 रोजी, त्यांनी ‘वेस्ट पॉकेट रेव्ह्यू’ हा प्रयोग सादर केला. ‘रेव्ह्यू’ म्हणजे गाणी, नृत्ये आणि प्रहसने एका सैल सूत्रात ओवणारा नाट्यप्रकार. आणि शीर्षकाचा अर्थ असा की हा रेव्ह्यू बंडीच्या खिशात मावेल इतका छोटा आहे. हौशी विद्यार्थ्यांच्या या खेळाचे दोनशेहून अधिक प्रयोग झाले आणि लवकरच ही जोडी ‘ओस्वोबोझेने दिवाद्लो’, म्हणजे ‘मुक्त रंगभूमी’, या संस्थेत दाखल झाली. ती 1926 मध्ये ‘देव्येत्सिल’ या नवमतवादी कलावंतांच्या गटातून निघाली होती. 1929 पासून वोदिच्कोवा रस्त्यावरील ‘उ नोवाकू’ या इमारतीतील नाट्यगृह तिचे घर झाले आणि यारोस्लाव येझेक या जवळजवळ दृष्टिहीन संगीतकाराच्या जॅझने तिला तिचा नाद दिला. शहरभर या दोघांना आडनावांच्या आद्याक्षरांनीच ओळखले जाऊ लागले.

फोर्बिनेचे व्यावहारिक कारण अगदी साधे होते: पडद्यामागे नेपथ्य बदलायला वेळ लागतो आणि तेवढा वेळ प्रेक्षकांना धरून ठेवावे लागते. पण या सोयीतून जे घडले ते बारकाईने पाहण्यासारखे आहे. चेहऱ्यावर पांढरा रंग फासलेले, त्यावर तोंड आणि भुवया रेखाटलेले दोन इसम पडद्यापुढे येत. एक धिप्पाड आणि संथ, दुसरा सडपातळ आणि चपळ. बोलणे सुरू होई ते नुकत्याच संपलेल्या प्रवेशातील एखाद्या क्षुल्लक गोष्टीवरून. एक जण सहज एखादा वाक्प्रचार वापरी, दुसरा तो शब्दशः घेई, त्या शब्दशः अर्थावर पहिला पूर्ण गांभीर्याने तर्काचा एक मजला चढवी आणि दुसरा त्यावर आणखी एक. प्रत्येक पायरी आधीच्या पायरीशी बिनचूक जुळलेली असे आणि तरीही दहाव्या पायरीवर पोहोचेपर्यंत सगळी इमारत अशक्य ठिकाणी उभी असे. त्या अशक्य ठिकाणावरून मात्र त्या दिवशीच्या वर्तमानपत्रातील बातमी स्वच्छ दिसे. मग येझेकचे संगीत सुरू होई, दोघे गात आणि पडदा उघडे. संवादाचा सांगाडा ठरलेला असला तरी त्यातील मजकूर प्रयोगागणिक हलता राही, कारण कालची बातमी आज शिळी होई आणि प्रेक्षकांचे हसू कुठे पिकते ते कळल्यावर तिथे नवे वाक्य रुजवले जाई.

या कामातले वेरिखचे कौशल्य ऐकण्यात होते, हे मराठी वाचकाला सांगणे विशेष आवश्यक आहे, कारण विनोदी नट म्हटला की टाळी घेणारे वाक्य आधी आठवते. ज्या क्षणी जोडीदार बोलत असे त्या क्षणी वेरिखच्या जड शरीरात आणि किंचित खाली झुकलेल्या चेहऱ्यावर विचार चाललेला दिसे. समोरच्याने उच्चारलेला शब्द तो जणू हातात घेऊन उलटासुलटा पाहत असे, आणि प्रेक्षक हसू लागत ते त्याच्या उत्तराच्या आधी, उत्तर येणार या जाणिवेने. त्यात चेक भाषेची स्वतःची एक ठेवणही कामी येई. त्या भाषेत लिखित प्रमाणरूप आणि रोजचे बोलीरूप यांत मोठे अंतर आहे, इतके की प्रत्यय आणि स्वरही बदलतात. हे दोन विदूषक पंडिती चेकमधून गल्लीतल्या चेकमध्ये एका वाक्याच्या अवकाशात उतरत आणि तितक्याच सहजतेने पुन्हा वर चढत. भाषाशास्त्रज्ञ रोमान याकोब्सनने 1937 मध्ये, मुक्त रंगभूमीच्या दशकपूर्तीच्या सुमारास, या दोघांना उद्देशून त्यांच्या थट्टेतील ज्ञान आणि अर्थ यांच्या मीमांसेवर एक पत्ररूप निबंध लिहिला, आणि 1936 मध्ये प्रागला आलेला रशियन दिग्दर्शक मायरहोल्ड त्यांचा प्रयोग पाहून भारावला व त्याला त्यांच्यात इटालियन ‘कोमेदिया देल्लार्ते’चा, म्हणजे ठरावीक पात्रे व उत्स्फूर्त संवाद यांवर उभ्या असलेल्या जुन्या मुखवटा-नाट्याचा, वारसा दिसला. या दोन दाखल्यांचे महत्त्व कमी लेखू नये. लोकप्रिय विदूषकांच्या कामात आधुनिक विचाराचा ऐवज आहे, हे त्यांच्या समकालीनांनी त्यांच्या हयातीतच ओळखले होते.

‘सीझर’ (1932) या नाटकापासून थट्टेचा रोख हुकूमशाहीकडे वळला. ‘ओसेल आ स्तीन’, म्हणजे ‘गाढव आणि सावली’ (1933), या नाटकाला एका प्राचीन ग्रीक कथेचा आधार होता: भाड्याने घेतलेल्या गाढवाच्या सावलीत प्रवासी बसतो, मालक म्हणतो की भाडे गाढवाचे ठरले होते, सावलीचे नव्हे, आणि या वादात सगळे नगर दोन पक्षांत फुटते. जर्मनीत नुकत्याच सत्तेवर आलेल्या हिटलरच्या काळात ही कथा कोणाबद्दल आहे हे सांगण्याची गरज नव्हती. पुढच्या वर्षीच्या ‘कात आ ब्लाझेन’ (‘जल्लाद आणि वेडा’) या नाटकाच्या वेळी राष्ट्रवादी तरुणांनी नाट्यगृहात दंगा केला. 1935 मध्ये नेहमीची जागा सुटून छोट्या रंगमंचावर जावे लागले तेव्हा त्या हंगामापुरते संस्थेचे नावही ‘बद्ध रंगभूमी’ असे करण्यात आले. ‘त्येश्का बार्बोरा’ (‘जड बार्बोरा’, 1937) मध्ये एक छोटे नगर, त्याचा बलाढ्य शेजारी आणि ‘बार्बोरा’ नावाची एक तोफ होती. म्युनिक करारानंतर, नोव्हेंबर 1938 मध्ये, नाट्यगृहाचा परवाना काढून घेण्यात आला आणि जानेवारी 1939 मध्ये वेरिख, वोस्कोवेत्स व येझेक अमेरिकेकडे निघाले. मार्चमध्ये जर्मन सैन्य प्रागमध्ये शिरले.

या जोडीचे चार चित्रपट याच दशकातले. त्यांपैकी ‘हेय रुप!’ (1934, दिग्दर्शक मार्टिन फ्रिच) हा आजही ताजा वाटतो. ओझे ओढताना मजूर एकसाथ जी आरोळी देतात तीच शीर्षकात आहे. त्यात वेरिख दिवाळे निघालेला कारखानदार आहे, वोस्कोवेत्स बेकार तरुण आहे आणि दोघे मिळून बेकारांच्या सहकारी दूध व्यवसायात उतरतात. महामंदीच्या वर्षांतील प्रेक्षकाला हे स्वप्नरंजन होते आणि आधारही होता. तरी चित्रपटात फोर्बिनेचा खरा गाभा हरवतो हे मान्य करावे लागते, कारण कॅमेऱ्याला आजची बातमी कळत नाही.

परदेशातील वर्षे भाषेच्या नटासाठी सर्वांत कठीण. दोघांनी अमेरिकी रेडिओवरून व्याप्त मायदेशासाठी चेकमध्ये कार्यक्रम केले, इंग्रजी शिकून घेतली आणि 1945 मध्ये ब्रॉडवेवर मार्गारेट वेबस्टर हिने बसवलेल्या शेक्सपिअरच्या ‘टेम्पेस्ट’ मध्ये स्टेफानो आणि ट्रिंक्युलो या दारुड्या जोडगोळीच्या भूमिका केल्या. परक्या भाषेतही त्यांना दोघांचेच काम मिळाले. येझेक तोवर राहिला नव्हता. 1 जानेवारी 1942 रोजी न्यूयॉर्कमध्ये त्याचे निधन झाले होते. युद्धानंतर दोघे प्रागला परतले आणि मार्च 1948 मध्ये, कम्युनिस्ट सत्तांतराच्या पाठोपाठ, ‘फिनियन्स रेनबो’ या अमेरिकी संगीतिकेचे चेक रूपांतर त्यांनी रंगमंचावर आणले. त्यात आयरिश लोककथेतील बुटक्याच्या जागी चेक लोककथेतील जलपुरुषाच्या कुळातला ‘चोख्तान’ आला आणि ती भूमिका वेरिखने केली. त्याच वर्षी वोस्कोवेत्स देश सोडून गेला. अमेरिकेत परतताना त्याला एलिस बेटावर दीर्घकाळ अडकवून ठेवण्यात आले, पण पुढे तो तिथे नट म्हणून स्थिरावला. ‘ट्वेल्व्ह अँग्री मेन’ (1957) मधील स्थलांतरित घड्याळजी, अकरावा ज्युरी, तो हाच.

मागे राहिलेल्या वेरिखने काय केले, याचे सर्वांत बोलके उत्तर ‘त्सीसार्झूव पेकार्झ’ (‘सम्राटाचा भटारी’, 1951) या फ्रिचच्याच दोन भागांतील रंगीत चित्रपटात मिळते. या विषयावर जोडीने 1931 मध्ये ‘गोलेम’ हे नाटक केले होते. सोळाव्या शतकाच्या अखेरचे प्राग, किमयागारांनी वेढलेला दुसरा रुडॉल्फ सम्राट, गोलेम या मातीच्या प्रचंड पुतळ्यात प्राण भरण्याचे त्याचे वेड आणि गरिबांना पाव वाटल्याबद्दल कोठडीत पडलेला मात्येय भटारी, ही कथावस्तू. सम्राट आणि भटारी या दोन्ही भूमिका वेरिखच्या. यौवनाचा अर्क प्यालेला म्हातारा सम्राट आरशाकडे वळतो, पण चौकटीत काच नसते, तिच्यापलीकडे कोठडीतून निसटलेला भटारी उभा असतो आणि सम्राट त्यालाच स्वतःचे तरुण रूप समजतो. हा प्रवेश थांबून, पुन्हा मागे नेऊन पाहावा. सम्राट चिरक्या, कुरकुऱ्या उतावळेपणाने पुढे सरकतो, तर पलीकडचा माणूस हातापायांत बळ असलेला, सावध आणि उमदा आहे. एकाच नटाने वयाचे अंतर केवळ दाढीवर सोडलेले नाही, श्वासाचा वेगही बदलला आहे. अशा चित्रणात नटाला समोर नसलेल्या माणसाशी खेळावे लागते: त्याच्या वाक्याला किती क्षण लागतील, त्याची नजर कुठे असेल, हे मनाशी मोजून उत्तर द्यायचे. इतकी वर्षे पडद्यापुढे जोडीदाराचे ऐकण्याची सवय नसती, तर ही रिकामी जागा इतकी भरलेली दिसली नसती. स्टालिनी काळातला हा चित्रपट असल्याने त्याचा शेवट बोधप्रद आहे, अक्राळविक्राळ गोलेमची अखेर लोकांसाठी पाव भाजणाऱ्या भट्टीत होते. परदेशासाठी एकत्र केलेली आखूड आवृत्ती त्या मानाने सुटसुटीत आहे. तो बोध गळाला तरी आरशाच्या चौकटीचे काही बिघडत नाही.

‘बिल येदनोउ येदेन क्राल’ (‘एक होता राजा’, 1954) या मिठाच्या परीकथेवरील चित्रपटात वेरिखला खराखुरा जोडीदार मिळाला. राजाचे नाव ‘मी पहिला’ आणि त्याच्या मंत्र्याचे नाव ‘वगैरे’. मंत्री झाला होता व्लास्ता बुरियान, युद्धपूर्व चेक विनोदाचा दुसरा मोठा नट, ज्याला युद्धानंतर कामबंदी भोगावी लागली होती. 1950 च्या दशकाच्या उत्तरार्धात वेरिखने ‘आबेत्से’ नाट्यगृहाची सूत्रे घेतली. ते त्याच ‘उ नोवाकू’ इमारतीत होते, आणि जुनी नाटके पुन्हा उभी करताना त्याने फोर्बिनेवर मिरोस्लाव होर्नीचेकला सोबत घेतले. होर्नीचेकने वोस्कोवेत्सची नक्कल केली नाही, स्वतःच्या मृदू, पुस्तकी विनयाने उभा राहिला, आणि त्यामुळेच ती जोडी टिकली. मोठ्या नटाशेजारी उभ्या राहणाऱ्या माणसाचे श्रेय इतिहास सहसा देत नाही, म्हणून ते इथे आवर्जून नोंदवायला हवे.

व्होइत्येख यास्नी याच्या ‘आझ प्रझिय्दे कोत्सोउर’ (‘मांजर येईल तेव्हा’, 1963) मध्येही वेरिखला दुहेरी भूमिका होती: गढीचा गप्पिष्ट राखणदार आणि गावात आलेला जादूगार. जादूगाराच्या मांजराचा चष्मा काढला की माणसे आपापल्या स्वभावाच्या रंगात दिसू लागतात, प्रेमिक लाल, चोर करडे, बेइमान पिवळे, ढोंगी जांभळे. या चित्रपटाला कान महोत्सवात परीक्षकांचा विशेष पुरस्कार मिळाला. त्यानंतर जेम्स बाँडच्या ‘यू ओन्ली लिव्ह ट्वाइस’ मध्ये खलनायक ब्लोफेल्ड म्हणून त्याची निवड झाली आणि काही दिवसांच्या चित्रीकरणानंतर त्याच्या जागी डोनाल्ड प्लेझन्सला घेण्यात आले. वेरिखचा चेहरा फारच प्रेमळ आजोबासारखा वाटला, असे कारण सांगितले जाते. समोरच्याचे ऐकून घेण्यात ज्या चेहऱ्याने आयुष्य घालवले त्याला निर्दयता न जमणे हे त्याच्या कलेशी सुसंगतच आहे.

‘फिम्फारुम’ (1960) या त्याच्या परीकथा चेक मुले त्याच्याच आवाजातील ध्वनिमुद्रणांतून ऐकत आली आणि तो आवाज 2002 मधील बाहुलीपटातही वापरला गेला. वोस्कोवेत्सशी त्याचा संवाद अखेरपर्यंत पत्रांतून चालू राहिला. ती पत्रे पुढे अनेक खंडांत प्रसिद्ध झाली. वेरिख 31 ऑक्टोबर 1980 रोजी प्रागमध्ये वारला, वोस्कोवेत्स 1 जुलै 1981 रोजी कॅलिफोर्नियात. प्रागच्या ओल्शानी दफनभूमीत दोघांची कबर एकच आहे.