आधी काढायची, मग टाकायची

रोहिण्या लागल्या की आजोळी माळवदाची, म्हणजे मातीच्या सपाट छताची, घाई सुरू होते. मृगाच्या आत वरची माती नीट झाली पाहिजे, नाहीतर पावसाळाभर घरात जागोजागी पातेली मांडून बसावं लागतं. तुळजापूर तालुक्यातल्या या गावात दगडमातीची घरं आता मोजकीच उरलीत; बाकी सगळं सिमेंट आणि पत्रा. यंदा मामांनी निरोप धाडला, "बघायचं आसंल तर ये पोरी, पण नुसतं बसायला मिळायचं न्हाई."

सकाळी सहाला शिडी चढून वर गेले, तर मामा माती टाकत नव्हते, खुरप्यानं खरवडत होते. माझ्या हाती त्यांनी खड्यांची पिशवी दिली. भरलेलं घमेलं वर आलं की एक खडा उजवीकडे, भरलेलं खाली गेलं की एक डावीकडे. एवढंच माझं काम.

माळवदाला मधोमध साणं असतं. उजेड आत यायला आणि चुलीचा धूर बाहेर जायला ठेवलेलं हे भोक पावसात झाकून टाकतात. त्याच्या कडेला मातीचे थर उघडे पडले होते: करडा, पांढुरका, मध्ये शेणाची काळपट रेघ, पुन्हा पांढुरका. बोटानं मोजत गेले तर सात भरले. एकेक थर म्हणजे एकेक उन्हाळा. त्या सगळ्यांखाली कडुनिंबाच्या पाल्याचा चुरा, त्याखाली किलचनाच्या काटक्या, मग कड्या, तुळया आणि खांब. घर किती मोठं, हे इथं खोल्यांवरून नाही, खणांवरून सांगतात. दोन खांबांमधलं अंतर म्हणजे खण. मामांचं घर सात खणांचं. छताचा भार लाकडी खांबांवर येतो. ज्यांना लाकूड परवडलं नाही, त्यांच्या तुळया थेट भिंतीवर टेकतात.

माती कुठलीही चालत नाही. शेतातली काळी तर नाहीच. ती पाणी प्यायली की फुगते, उन्हात आकसते आणि बोट जाईल एवढ्या भेगा पाडते. माळवदाला लागते ती ओढ्याकडेची पांढरट, खारी माती. मामांनी चिमूटभर जिभेवर ठेवली, थुंकले आणि मान डोलावली. या चोपण मातीत सोडियम जास्त असतं. पहिल्या सरींनी तिचे बारीक कण सुटे होऊन छिद्रांत बसतात आणि पाणी खाली उतरायची वाट बंद होते. अशा जमिनीत पाणी मुरत नाही, पीक धड येत नाही, म्हणून शेतकरी तिला नावं ठेवतो. छपरावर तोच तिचा गुण. शिवाय खारटपणामुळे वर गवतही फारसं माजत नाही. खानदेशात याच कामाला 'धाब्यावर खारी टाकणं' म्हणतात.

माती, शेण आणि गव्हाचा भुसा आदल्या रात्री भिजत घातला होता. दुपारी मामींनी खड्यांचं काम स्वतःकडे घेतलं आणि मला कोपऱ्यातली हातभर जागा सारवायला दिली. मिश्रण हातानं लवकर पसरावं म्हणून मी त्यात तांब्याभर पाणी ओतलं. तासाभरात माझ्या कोपऱ्यावर भेगांचं जाळं उमटलं. मामांनी काही न बोलता ते सगळं उचकटलं आणि घट्ट गोळा घेऊन पुन्हा बसवलं. मग चोपण्यानं हळूहळू ठोकत, पन्हाळीकडे उतार देत नेलं. उतार डोळ्यांना दिसत नव्हता. मामांनी तांब्या कलता केला, तेव्हा पाणी न अडखळता पन्हाळीपर्यंत गेलं.

बाहेर वैशाखासारखंच ऊन, तळवे भाजत होते. खाली माजघरात उतरले आणि अंग सैल पडलं. वीतभर माती आणि दोन-अडीच फुटी भिंतीतून दुपारची उष्णता आत पोचायला कित्येक तास लागतात. ती पोचेपर्यंत रात्र होते आणि घरचे अंथरुणं घेऊन माळवदावर गेलेले असतात. शेजारच्या पत्र्याखाली मात्र दुपारी बसवत नाही.

तरी गावानं पत्रा का निवडला, हे या भिंतीच सांगतात. मामांच्या घराच्या भिंतींवर जागोजागी सिमेंटचे गोल ठिपके आहेत. ३० सप्टेंबर १९९३. गणपती विसर्जनानंतरची पहाट, ३ वाजून ५६ मिनिटं. किल्लारीच्या त्या भूकंपात लातूर-उस्मानाबादेत हजारो माणसं दगडमातीखाली गेली. भिंतींचे आतले आणि बाहेरचे दगड एकमेकांत गुंतलेले नव्हते. मध्ये नुसता खडी-चिखल. हादऱ्यात दोन्ही अंगं सुटी झाली. वर होतं अनेक वर्षांचं माळवद, कुठं कुठं दोन-दोन फूट जाड. नंतरच्या दुरुस्तीत भिंतींना आरपार भोकं पाडून सळई आणि काँक्रीट भरलं, अंगाला अंग बांधलं. ते ठिपके त्याचेच.

मी हिशेब मांडून पाहिला. दहा बाय दहाच्या खोलीवर इंचभर माती म्हणजे सुमारे चार क्विंटल. दरसाल गळतीवर नवा थर टाकत गेलं, जुना काढलाच नाही, तर बारा वर्षांत फूटभर माती चढते. झोपलेल्या माणसांच्या डोक्यावर पावणेपाच टन. काढणं हे टाकण्यापेक्षा कष्टाचं काम. ते करूनही गळती थांबत नाही, म्हणून गडी नसले की तेच आधी सुटतं.

"टाकायला काय, कुणीबी टाकंल," मामा साण्याच्या कडेला वीत लावत म्हणाले. "वितीच्या वर गेली की काढायची. आमच्या बापाचा नेम हुता. आम्ही मधी काही वर्सं मोडला."

"त्र्याण्णवच्या आधी?"

ते उत्तर न देता पन्हाळीतला चिखल पुसत राहिले.

दिवस कलला तेव्हा मामींनी खडे माझ्यापुढे ओतले. उजवीकडचे बावीस, डावीकडचे सव्वीस. मामांनी दोन्ही ढीग एकदा स्वतः मोजले आणि मगच शिडी उतरले.