झाडीतला 'र'

श्रावणी अमावास्येला गोंदियाच्या खेड्यांत जुनी माणसं बैलांच्या सणाला, पोळ्याला, 'पोरा' म्हणतात. सीमेपलीकडे छत्तीसगडातही तो पोराच. डोळा तसा इथे डोरा, काळा तसा कारा. हा अडाणीपणा नव्हे, नियम आहे. वऱ्हाडात 'ळ'चा 'य' होऊन डोया होतो, झाडीपट्टीत, म्हणजे इथे पूर्व विदर्भात, 'र'. 'ण'चा 'न' आणि 'श'चा 'स'ही तितकाच नेमाने होतो. शेजारच्या छत्तीसगडीतही 'ण', 'ळ', 'श' नाहीत. पिढ्यान्‌पिढ्यांच्या सोयरिकी आणि बाजारहाटाने हा कान घडला असावा.

ब्रिटिशकाळात ग्रिअर्सनने केलेल्या भारताच्या भाषिक सर्वेक्षणाचा मराठीवरचा सातवा खंड १९०५ साली निघाला. त्यात भंडाऱ्याकडची मराठी 'नागपुरी'त जमा झाली. नमुन्यासाठी बायबलातली उधळ्या मुलाची गोष्ट ठिकठिकाणच्या बोलींत लिहून घेतली होती. लिहिणारा हात शिकलेला. त्याने किती 'र'चे पुन्हा 'ळ' केले असतील, असं मला वाटत राहतं.

१९५६च्या राज्यपुनर्रचनेत भंडारा जिल्हा मुंबई राज्यात आला, शेजारचा बालाघाट मध्य प्रदेशात राहिला. एकीकडची पोरं मराठी शाळेत, दुसरीकडची हिंदी शाळेत. इकडे 'पानी' म्हणणाऱ्या पोराला वर्गात 'पाणी' म्हणायला लावलं जाई. प्रमाण मराठी शिकवायलाच हवी होती. पण त्यासाठी घरच्या बोलीची लाज वाटायला लावायची गरज नव्हती. ते पाप आपल्या शिक्षणाचंच.

ती लाज झटकण्याचं मोठं काम साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी केलं. त्यांनी या झाडीबोलीचा शब्दकोश केला आणि १९९०च्या दशकात तिची साहित्य संमेलनं भरू लागली. १ मे १९९९ला भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला. बोलीला अर्थातच ती रेघ ठाऊक नाही. पुढे डेक्कन कॉलेजने मराठी बोलींच्या सर्वेक्षणात लोकांचं बोलणं ध्वनिमुद्रित केलं, म्हणजे ज्याचं त्याच्या तोंडून.

दिवाळीनंतर मंडईत, म्हणजे गावच्या जत्रेत, रात्रभर दंडार हे लोकनाट्य रंगतं, तिथे हा 'र' अजून मोकळ्या गळ्याने येतो. शाळेत मात्र तो पोचलेला नाही. सडक अर्जुनी, देवरी, सालेकसाकडच्या गुरुजींनी मुलांच्या हाती मोबाइल देऊन आजीचं बोलणं नोंदवायला सांगावं: पऱ्हे (भाताची रोपं) टाकण्यापासून धान घरी येईपर्यंतचं सगळं. आणि ते वर्गात ऐकताना कुणी मध्येच थांबवून दुरुस्त करू नये.