ताणलेला स्नायु आणि ताणाचा व्यायाम

आश्विन महिना लागला कीं चिखली तालुक्यांत सोयाबीनच्या सोंगणीची एकच धांदल उडते. सोंगणी, सुडी, मळणी आणि मग कट्टे भरून बाजार समितींत नेणें, हीं सर्व कामें थोड्या दिवसांत उरकावीं लागतात. वर परतीच्या पावसाचें भय असतेंच. अशा घाईंत कट्टा उचलतांना अथवा काळ्या रानांत पाय घसरून मांडीच्या मागें किंवा पोटरींत एकाएकीं चमक निघते, आणि धडधाकट माणूस लंगडत बांधावर येऊन बसतो. पुढें काय करावें याविषयीं गांवांत दोन मतें ऐकूं येतात. एक म्हणतें, जोरानें चोळून पाय ओढून घ्या, शीर बसेल. दुसरें म्हणतें, महिनाभर बाजेवरून उठूं नका. दोहोंत थोडें तथ्य आहे. परंतु कोणती गोष्ट कोणत्या दिवशीं करावी हें दोघांसही ठाऊक नसतें, आणि सारें मर्म त्यांतच आहे.

स्नायु म्हणजे बारीक तंतूंची जुडी होय. तो आंखडत असतांनाच त्यास उलट दिशेनें जबर ओढ बसली म्हणजे कांहीं तंतु तुटतात, आणि बहुधा जेथें स्नायु कंडरेस मिळतो त्या जागेजवळ तुटतात. थोडे तुटले तर दुखतें, पण चालतां येतें. पुष्कळ तुटले तर सूज येते, कातडी काळीनिळी पडते व पायांतील जोर जातो. सबंध स्नायु तुटला तर तेथें बोटांस खळगा लागतो. अशा वेळीं घरगुती उपायांत काळ न दवडतां हाडांच्या डॉक्टरांकडे जावें.

पहिले दोनतीन दिवस तुटल्या जागीं रक्त सांकळलेलें असतें व निकामी झालेले तंतु शरीर साफ करीत असतें. मग दोन टोंकांमध्यें व्रणाचा जोड धरूं लागतो आणि नवे तंतु त्यांत शिरतात. सुमारें दहा दिवसपर्यंत हा जोड त्या स्नायूचा सर्वांत कच्चा भाग असतो. नुकत्याच घातलेल्या ओल्या बांधावर पाणी सोडावें तसाच प्रकार या दिवसांत पाय जोरानें ओढण्यानें होतो. परंतु उलट बाजूही तितकीच खरी आहे. फिनलंडांतील मार्कू यार्विनेन यांनीं १९७० नंतरच्या दशकांत उंदरांच्या स्नायूंवर प्रयोग केले. दुखापतीनंतर लगेच हालचाल सुरू केली तेव्हां व्रण मोठा झाला व जोड पुन्हां फाटूं लागला. फार दिवस जखडून ठेवले ते स्नायु सुकले, व नवे तंतु वेडेवांकडे वाढले. थोडे दिवस विश्रांति देऊन मग हालचाल दिली, तेथें मात्र तंतु ओढीच्या दिशेनें सरळ रांगेंत लागले. आमच्या मतें या विषयांतील मुख्य गोष्ट हीच.

म्हणून पहिले दोनतीन दिवस पायास विसांवा द्यावा, फार घट्ट नाहीं अशी पट्टी बांधावी, पाय उशीवर उंच ठेवावा. फडक्यांत गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटें धरला तर वेदना कमी होते. याहून अधिक गुण त्यास चिकटवूं नये. विश्रांति, बर्फ, पट्टी व उंची हा नियम १९७८ सालीं मांडणारे अमेरिकेचे डॉ. गेब मर्किन यांनींच २०१४ सालीं बर्फाविषयींचें आपलें मत बदललें. चोळणें, कढत शेक व दारू या दिवसांत वर्ज्य. कमरेची उसण घालविण्यास पायाळू माणसाची लाथ खाण्याची चाल आपल्याकडे आहे. तिनें उसण जाते कीं नाहीं हा वाद बाजूस ठेवूं, पण तुटलेल्या स्नायूवर ती लाथ खास नको.

वेदना ओसरून सावकाश चालतां येऊं लागलें म्हणजे ताणाचा व्यायाम सुरू करावा. मांडीसाठीं उताणें पडून तळपायास उपरणें अडकवावें आणि गुडघा सरळ ठेवून पाय हळूहळू वर घ्यावा. ओढ जाणवेल पण दुखणार नाहीं, तेथें थांबून ३० सेकंद धरावें; असें चार वेळां करावें. पोटरीसाठीं भिंतीस हात टेकून दुखरा पाय मागें ठेवावा व टांच न उचलतां पुढें झुकावें. हिसका कधींही देऊं नये. ग्रीस देशांतील ८० खेळाडूंवरील २००४ सालच्या पाहणींत अर्ध्यांना हा ताण दिवसांतून एकदां व अर्ध्यांना चार वेळां दिला. पहिले सरासरी १५ दिवसांनीं बरे झाले, दुसरे १३ दिवसांनीं. दोन्ही गट ताण घेतच होते, तेव्हां मुळींच न ताणणाऱ्यांचें काय झालें असतें हें त्यावरून कळत नाहीं. आणि फरक दोनच दिवसांचा. मात्र ज्याची सुडी उघड्यावर आहे आणि आभाळ भरून आलें आहे, त्यास दोन दिवसांची किंमत सांगावी लागत नाहीं.

केवळ ताणानें मात्र भागत नाहीं. स्नायु लांब होत असतांनाच त्यास भार पेलावयास शिकविलें पाहिजे, कारण तो तुटला तो त्याच अवस्थेंत. स्वीडनमधील कार्ल आस्कलिंग यांच्या २०१३ सालच्या पाहणींत ७५ फुटबॉलपटूंपैकीं असा व्यायाम करणारे सरासरी २८ दिवसांत मैदानावर परतले. नेहमींच्या पद्धतीच्या व्यायामास ५१ दिवस लागले. घरीं करण्याजोगा प्रकार असा: ओट्याच्या पायरीवर चवड्यांवर उभें राहावें, दोन्ही टांचा उचलाव्या, आणि सावकाश खालीं सोडाव्या. दुखल्यास त्या दिवसापुरतें थांबावें.

कामावर परततांना एकदम कट्ट्यास हात घालूं नये. युरियाची गोणी २०१८ पासून ४५ किलोची झाली आहे खरी, पण बऱ्या होत असलेल्या मांडीस तीही जड आहे. आधीं अर्धें ओझें घ्यावें. आखाडा ज्यानें पाहिला आहे त्यास हें नवें नाहीं. अमरावतीस १९१४ सालीं श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ स्थापन झालें त्या वऱ्हाडांत, अंग गरम केल्यावांचून मल्ल कुस्तीस उतरत नाहीं; आपण मात्र पहाटेच्या गारठ्यांत उठल्या उठल्या पोतें पाठीवर घेतों. उक्त्या सोंगणीवरील मजुराची गोष्ट तर आणखी कठीण. त्याची मजुरी बुडते म्हणून तो दुसऱ्याच दिवशीं लंगडत येतो आणि तोच स्नायु पुन्हां तोडून घेतो. मालकानें त्यास आठवडाभर बसून करण्याचें काम द्यावें. पोतीं शिवणें आहे, बियाणें निवडणें आहे.

कमरेंत चमक निघून पाय बधिर झाला, अथवा लघवीवरील ताबा गेला, तर हा स्नायूचा विकार समजूं नये. तत्काळ रुग्णालयांत जावें. आणि कोणतीही ओढ बसल्याचें आठवत नसतां एकच पोटरी सुजली व गरम लागूं लागली, तर शिरेंत रक्ताची गांठ असण्याचा संभव असतो. ती चोळूं नये, ताणूं नये. त्याच दिवशीं डॉक्टरांस दाखवावी.