बापूसाहेबांचा फॉर्स्टर

साताऱ्याच्या शाहू छत्रपतींच्या कारकिर्दीत पवार घराण्यातले तुकोजी आणि जिवाजी हे दोघे भाऊ माळव्यात उतरले आणि देवासचेच झाले. एका गावात दोन गाद्या, थोरली पाती आणि धाकटी पाती. थोरल्या पातीचे तिसरे तुकोजीराव, म्हणजे बापूसाहेब, आणि इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर यांची मैत्री पंचवीस वर्षं टिकली. फॉर्स्टर समलिंगी होता. त्याच्या देशात त्यासाठी तुरुंग होता आणि आपल्याकडे त्याच्याच देशबांधवांनी १८६० साली आणलेलं ३७७ कलम.

ओळख झाली ती माल्कम डार्लिंगमुळे. डार्लिंग हा महाराजांचा एकेकाळचा शिक्षक आणि फॉर्स्टरचा केंब्रिजचा दोस्त. १९१२च्या नाताळात फॉर्स्टर देवासला पोचला तेव्हा महाराज पंचविशीच्या आतबाहेरचे होते, कोल्हापूरच्या शाहू महाराजांचे जावई. पुढे १९२१ साली फॉर्स्टर सहा महिने त्यांचा खासगी सचिव झाला. पद भारदस्त, काम मात्र बागा, टेनिस कोर्ट, मोटारी, पाहुण्यांचा बंगला आणि वीजघर यांवर नजर ठेवायचं. नवा राजवाडा अर्धवट, तिजोरी रिकामी, आणि सचिवाला हिशेबात गती नव्हती.

त्या वर्षीची गोकुळाष्टमी त्याने अनवाणी, देशी वेषात पाहिली. मूर्तीपुढे टाळ वाजवत नाचणारे महाराज, गुलाल, रात्र-रात्र चाललेली भजनं. फॉर्स्टरच्या ‘अ पॅसेज टू इंडिया’ (१९२४) या कादंबरीच्या शेवटच्या भागात जो जन्मोत्सव आहे तो इथला. त्यात तुकारामाचं नाव ऐकू येतं, कारण देवासचं देवघर मराठी होतं. इंग्रजी साहित्याच्या प्राध्यापकांनी हे वर्गात सांगायला हरकत नाही.

याच महिन्यांत वाड्यावर कुजबूज सुरू झाली. एका मजुराकडे फॉर्स्टरचं मन ओढलं होतं आणि ते नोकरांच्या ध्यानात आलं होतं. घाबरून त्याने महाराजांपुढे सगळं कबूल केलं. महाराज ना चिडले, ना हसले. बाई का नको, एवढं विचारलं. उत्तर मिळाल्यावर तो विषय त्यांच्यापुरता मिटला. मजुरांचा नाद सोडा, असं सांगून त्यांनी दाढी करायला येणारा कनय्या नावाचा न्हावी सुचवला.

इथवर वाचताना राजाचं मोठं मन दिसतं, आणि ते होतंही. पण कनय्याला यात निवड किती होती? मालक राजा, गिऱ्हाईक राजाचा साहेब. त्याच्या तोंडून बोभाटा झाल्यावर फॉर्स्टरने त्याला मारलं आणि नंतरच्या संबंधात त्याला दुखवण्याची इच्छा मिसळली, हे फॉर्स्टरनेच लिहून ठेवलं आहे. माझ्या मते या मैत्रीची किंमत त्या न्हाव्याने चुकवली.

महाराजांचे पुढचे दिवस वाईट गेले. राणीसाहेब आधीच माहेरी निघून गेल्या होत्या, युवराज विक्रमसिंहांशी बेबनाव झाला, संस्थान कर्जात बुडालं. महाराज पाँडिचेरीला, फ्रेंच हद्दीत जाऊन राहिले आणि डिसेंबर १९३७मध्ये तिथेच वारले. (हेच विक्रमसिंह १९४७मध्ये कोल्हापूरला दत्तक जाऊन शहाजी छत्रपती झाले.) इंग्रज अधिकाऱ्यांच्या लेखी महाराज उधळे आणि नालायक ठरले. फॉर्स्टरने मात्र ‘द हिल ऑफ देवी’ (१९५३) लिहून भक्त वृत्तीचा, राज्याला जुंपला गेलेला माणूस उभा केला. मनोहर माळगावकरांनी या घराण्यावर इंग्रजीत ग्रंथ लिहिला तो दहा वर्षांनी.

१९५३च्या पुस्तकात कनय्या नाही. त्याच्याबद्दलचं फॉर्स्टरचं टिपण १९८३मध्ये छापलं गेलं, फॉर्स्टरच्या मृत्यूनंतर तेरा वर्षांनी. राजाने मित्राचं गुपित सांभाळलं, मित्राने राजाची अब्रू. दोघांनीही तिसऱ्याला विचारलं नाही.

देवासशी सोयरीक असलेल्या घराण्यांच्या माळ्यावर आजही जुन्या पत्रांची गाठोडी असतील. एखाद्या कागदात ‘फॉर्स्टरसाहेब’ किंवा ‘कनय्या’ हे शब्द दिसले, तर रद्दीत घालण्याआधी एखाद्या अभ्यासकाला दाखवा.